टाकीतलं कासव

कुत्रं पळतं, मांजर पळतं, पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं तर पोपटही उडून जातो. पण कासव पळालं असं सांगायला जावं तर लोक तोंडाकडेच बघत राहतील. वैजयंताची पंचाईत नेमकी तीच झाली होती. सांगावं तर आधी हसतील, आणि हसून झालं की विचारतील, बाई, तुमच्या घरात कासव आलं कुठून?

आलं होतं तिसऱ्या मजल्यावरून. पूनम सागर वसाहतीच्या मागच्या अंगाला 'नवकिरण' नावाची चार मजली सोसायटी. तिच्या तिसऱ्या मजल्यावर मनोरमा राहायची आणि तळमजल्यावर वैजयंता. मनोरमाचा नवरा ईश्वर बोटीवर फिटर होता. एक्क्याण्णव साली हाँगकाँगहून येताना त्याने पोरीसाठी, म्हणजे अनुष्कासाठी, रुपयाच्या नाण्याएवढं एक कासव आणलं. हिरवंगार, पोटावर पिवळी नक्षी आणि दोन्ही कानांशी लालभडक पट्टा. अनुष्काने त्याचं नाव ठेवलं डॉलर. चौऱ्याण्णवच्या मे महिन्यापर्यंत हा डॉलर चांगला बशीएवढा झाला होता, आणि माणसाची चाहूल लागली की मान उंच करून खायला मागायचा.

त्या मे महिन्यात मनोरमाच्या दिराचं लग्न निघालं. ईश्वर समुद्रात, म्हणून अनुष्काला घेऊन ती एकटीच दोन आठवड्यांसाठी लांज्याला निघाली. जाताना तिने टब, टबातला दगड, घराची किल्ली आणि ईश्वरच्या हातचा एक कागद वैजयंताकडे आणून दिला. कागदावर तीन ओळी होत्या. रोज सकाळी अर्धा तास ऊन दाखवणे, नाहीतर पाठ मऊ पडते. पाण्याबाहेर बसायला दगड हवाच, सारखं पोहून दमतं आणि बुडून मरतं. खायला पालक आणि चिमूटभर सुकट.

"कासव बुडून मरतं?" वैजयंताने विचारलं.

"हे मरतं म्हणे. फॉरेनचं आहे ना, लाड फार," मनोरमा म्हणाली. "पोरगी गावाला यायला तयार नव्हती याच्यापायी. म्हटलं, वैजयंतामावशीकडे ठेवतेय, मग निघाली. तुझ्याशिवाय कुणावर टाकू गं?"

आता हे 'तुझ्याशिवाय' मनोरमाने सहज म्हटलं असेल, पण वैजयंताच्या मनात ते दिवसभर घोळत राहिलं. त्याचं कारण सांगायला हवं.

वैजयंता आणि तिचा नवरा कोंडिराम मूळचे परभणीकडचे, बौद्ध. कोंडिराम टपाल खात्यात होता. वरळीच्या चाळीतल्या एका खोलीत पंधरा वर्षं काढून, कर्ज घेऊन, दोन वर्षांपूर्वी ते या तळमजल्यावर राहायला आले होते. बाबासाहेबांचा फोटो कोंडिरामने आतल्या खोलीत लावला. लपवायचं नाही, पण दारातच वादाला बोलवायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. सोसायटीतली माणसं काही वाईट नव्हती. हसून बोलायची, पत्ता विचारणाऱ्याला घर दाखवायची, पोरगी संघप्रिया पहिली आली तेव्हा पेढे खाऊन गेली. म्हणजे पेढे हातात घेऊन गेली. पाण्याचा पेला पुढे केला की मात्र कुणाचा उपास असायचा, कुणी आत्ताच चहा घेतलेला असायचा. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. वैजयंता पेला परत आत न्यायची आणि पाणी मोरीत ओतायची.

अशात एका दुपारी मनोरमा बाजाराच्या पिशव्या घेऊन दारात आली. ओळखदेख नाही, काही नाही. "अहो, घोटभर पाणी द्या. तीन जिने चढायचेत, घसा पार सुकलाय," म्हणाली. एक पेला प्यायली, दुसरा मागितला, तोही प्यायली. मग हक्काने आतल्या खोलीत डोकावून म्हणते, "फ्रेम छान आहे हो. आमच्या गणपतीची नुसती डुगडुगते. तुम्ही कुठून करून घेतलीत?" त्या रात्री हे वैजयंताने नवऱ्याला दोनदा सांगितलं. दोन पेले पाणी, दुसरं काय. पण ज्याला ते कधी कुणी नाकारलं नाही, त्याला त्याचं वजन कळणार नाही.

तर अशा मनोरमाचं कासव वैजयंताच्या हातून सुटलं.

झालं ते असं. तळमजल्याच्या घरात ऊन म्हणून यायचं नाही. सकाळी आठच्या सुमाराला कोवळं ऊन फक्त गेटजवळ, पाण्याच्या टाकीपाशी पडायचं. ही टाकी जमिनीखाली होती, वर लोखंडी झाकण. नळाला दिवसाआड पाणी. ते या टाकीत पडायचं, मग पंप लावून वर चढवायचं, आणि अर्धा तास घराघरांतले नळ आणि गेटजवळचा सगळ्यांचा नळ चालायचे. घरात धार बारीक, म्हणून प्यायचं पाणी लोक गेटपाशीच भरायचे. मे महिन्यात तेही पुरायचं नाही, मग टँकर मागवायचा. वैजयंता रोज डॉलरला त्या उन्हात ठेवायची आणि वर वेताची टोपली पालथी घालायची. गावाकडे कोंबडीची पिल्लं अशीच झाकून ठेवतात. चार दिवस सगळं नीट चाललं. पाचव्या दिवशी अवचित टँकर आला.

टँकर आला की नवकिरणमध्ये जे व्हायचं ते बघण्यासारखं असायचं. पाइप टाकीत जायच्या आधी ताजं पाणी धरायला चारही मजले कळश्या घेऊन खाली उतरायचे. वैजयंताही कळशी आणायला धावली. अर्ध्या तासात ती दोन खेपा करून आली तोवर कुणाच्या तरी पायाने टोपली उलथली होती आणि डॉलर नव्हता. टाकीचं झाकण शिवाने, म्हणजे वॉचमनने, तोवर लावूनही टाकलं होतं. तिला वाटलं, गवतात गेलं असेल, गटारात पडलं असेल, कुत्र्याने नेलं असेल. टाकी तिच्या ध्यानातही आली नाही.

ती वाकून वाकून कोपरे धुंडाळायला लागली तशी चौथ्या मजल्यावरच्या अंबिकाबाईंनी विचारलं, "काय हरवलं?"

"कानातली कुडी," वैजयंता बोलून गेली.

का बोलली तसं? कासव म्हणाली असती तर काय बिघडत होतं? तिचं तिलाही कळलं नाही. एवढंच, की आपल्या हातून काही चुकलं हे या लोकांना कळू नये, ही सवय तिला लहानपणापासून लागलेली होती. आणि मग त्या खोट्याने चांगलंच बाळसं धरलं. अंबिकाबाई स्वतः गवतात गुडघे टेकून अर्धा तास शोधत बसल्या. सेक्रेटरी गुणवंतभाईंनी फळ्यावर खडूने लिहिलं, 'सोन्याची कुडी सापडल्यास कळवणे'. पहिल्या मजल्यावरचे लवूकाका, गिरणीतून रिटायर झालेले, सिंधुदुर्गातले, रोज संध्याकाळी काठीने पाचोळा उकरून बघायचे. वैजयंता शरमेने अर्धी झाली. कुड्या दोन्ही डब्यात होत्या.

चार दिवसांनी पाण्याची पातळी बघायला शिवाने टाकीचं झाकण उघडलं, आणि तसाच मागे सरला.

"सेठ, अंदर कोई है," तो म्हणाला.

गुणवंतभाईंनी बॅटरी मारली. काळ्या पाण्यात एक मान वर आली आणि दोन डोळे चमकले. पाच मिनिटांत सगळी नवकिरण टाकीभोवती गोळा झाली. पहिला विषय अर्थातच पोटाचा निघाला. चार दिवस हेच पाणी आपण पितोय म्हटल्यावर कुणाला मळमळायला लागलं, कुणाला परवाची पोटदुखी आठवली. अंबिकाबाईंनी तर कुठल्या घरात कोण किती वेळा गेलं याची यादीच सांगितली. वैजयंता मागे उभी होती.

तेवढ्यात लवूकाका काठी टेकत पुढे आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, "गप ऱ्हवा रे. कासव आसा. आमच्या गावाक दर बावीत कासव सोडतत. पानी सोच्छ ऱ्हवता."

लवूकाकांनी एवढं म्हणायचा अवकाश, सगळ्यांना आपापल्या गावची विहीर आठवली. सातारच्या माणसाने सांगितलं, आमच्या विहिरीत दोन होती, शेवाळ म्हणून धरायचं नाही. गुणवंतभाई म्हणाले, "अमारा गाममां पण वावमां, एटले विहिरीत, काचबो हतो. ए तो लक्ष्मी छे. अहो, आपल्या टाकीत स्वतःहून आली, म्हणजे बघा." कसलं कासव, कुठलं, कानाशी लाल पट्टा कशाला, हे कुणी विचारलं नाही. विहिरीत कासव असतं आणि ते पाणी राखतं, हे सगळ्यांना आजोबा-पणजोबांपासून ठाऊक होतं. अर्ध्या तासापूर्वी ज्यांना मळमळत होतं त्यांनीच शिवाला नारळ आणायला पिटाळलं.

"वैजयंताबाई, तुमच्या गावी होतं का हो विहिरीत?" अंबिकाबाईंनी मागे वळून, अगदी प्रेमाने विचारलं.

"होतं म्हणतात," वैजयंता म्हणाली.

"म्हणतात म्हणजे? बघितलं नाहीत?"

"लहान होते."

लहान होती हे खरंच होतं. पण तिच्या गावच्या आडात कासव होतं आणि ते तिने कधी बघितलं नव्हतं, कारण आडाच्या काठावर चढायची तिला मुभा नव्हती. तिची आई आणि ती खालच्या दगडापाशी घागर घेऊन बसायच्या. कुणाला दया आली की तो वरून धार सोडायचा, नाही आली तर उन्हं चढेपर्यंत बसायचं. काठावरची पोरं ओरडायची, "आलं, आलं, कासव वर आलं," आणि ती खाली बसून ऐकायची. एकदा न राहवून दोन पायऱ्या चढली तर पाठीत ओला कासरा बसला. आडात कासव चालत होतं. ते त्याच पाण्यात खायचं, त्यातच हगायचं, आणि त्याने पाणी स्वच्छ राहायचं. आम्ही नुसतं डोकावलं तर बाटायचं. हे तिने जन्मात कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि तिथे टाकीपाशीही दाखवलं नाही.

योगायोग असा, की दुसऱ्या दिवशी नळाला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास पाणी आलं. मग काय विचारता! टाकीच्या झाकणावर हळदकुंकू आलं, रोज सकाळी आठला झाकण उघडून दर्शन सुरू झालं. लोक पोळीचे तुकडे टाकायचे, डॉलर मान उंच करून यायचा, आणि लोक हात जोडायचे. बाजूच्या सोसायटीची माणसंही येऊन बघून गेली. त्यांच्या टाकीत काही नव्हतं, म्हणून नवकिरणवाल्यांची मान आणखी ताठ झाली.

टाकीत कासव दिसलं त्याच संध्याकाळी वैजयंताने कोंडिरामला म्हटलं, "मी सांगून टाकते. कासव अनुष्काचं आहे, बाहेर काढा म्हणते."

कोंडिराम जेवता जेवता थांबला. "कशाला? जिवंत आहे, लोक खूश आहेत. मनोरमाबाई आल्या की त्या सांगतील आपलं आहे म्हणून."

"आणि आपण का नाही सांगायचं?"

"त्यांनी सांगितलं तर ती गोष्ट कासवाची राहील," तो म्हणाला. "आपण सांगितलं तर पाण्याची होईल. वैजू, इथून आपल्याला आता कुठं जायचं नाही. पोरीची शाळा इथं आहे. गप ऱ्हा थोडे दिवस."

तो भित्रा होता असं म्हणायचं काही कारण नाही. तो नुसता दमलेला होता. लहानपणी त्याच्या गावी मे महिन्यात पोरं दुपारभर विहिरीत सूर मारायची, आणि हा काठापासून लांब, बाभळीखाली, त्यांचे कपडे राखत बसायचा. त्याला अजून पोहता येत नव्हतं. लग्नानंतर एकदा हसत हसत त्याने हे सांगितलं होतं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नव्हता. वैजयंताला ते आठवलं आणि ती गप्प बसली.

पण संघप्रिया कुठे गप्प बसते. बारा वर्षांची पोर, अनुष्काची जिवाभावाची मैत्रीण. "आई, तिथे दगड नाहीये," ती म्हणाली. "कागदावर लिहिलंय ना, बसायला दगड हवा म्हणून. टाकीच्या भिंती गुळगुळीत आहेत, मी बघितलंय. तो बसणार कुठे?"

त्या रात्रीपासून वैजयंताला कागदावरची दुसरी ओळ झोपू देईना. ती रोज आठ वाजता दर्शनाच्या रांगेत उभी राहायला लागली. लोकांना वाटलं, बाईची फार श्रद्धा बसली. तिसऱ्या दिवशी डॉलर पोळीकडे आलाच नाही. चौथ्या दिवशी नुसता कडेकडेने भिंतीला नखं घासत फिरत होता. लोक म्हणाले, बघा, प्रदक्षिणा घालतोय. पाचवा दिवस बिनपाण्याचा, पण दर्शनापुरतं झाकण उघडलं तेव्हा तो एका कुशीवर कलून तरंगत होता. लोक म्हणाले, झोपलाय.

सहाव्या दिवशी सकाळी ती घरातून निघाली ती ठरवूनच. मनोरमा उद्या येणार होती. दारात पिशव्या ठेवून ती पाणी मागेल, अनुष्का टबाकडे धावेल, आणि तेव्हा आपण काय सांगणार? की सगळं माहीत असून, तो मरत असताना, आम्ही रोज हात जोडत उभे होतो? दोन पेले पाणी प्यायलेल्या बाईला हे सांगायची तिची हिंमत नव्हती. त्यापेक्षा या लोकांना सांगणं सोपं होतं.

झाकण उघडलं होतं. पाण्याचा दिवस होता, पंप अजून लागायचा होता, लोक कळश्या-बादल्या घेऊनच दर्शनाला आले होते. पाणी तळाला गेलेलं, मांडीभर असेल. डॉलर तसाच कललेला, मान खाली लोंबत होती.

"गुणवंतभाई," वैजयंता म्हणाली, "हे कासव मनोरमाचं आहे. अनुष्काचं. माझ्याकडे ठेवलं होतं, माझ्या हातून सुटून टाकीत पडलं. माझी कुडी हरवलीच नव्हती."

अंबिकाबाई म्हणाल्या, "म्हणजे मी गुडघे सोलून घेतले ते?"

"माफ करा. खोटं बोलले मी. पण ते मरतंय आता. त्याला बाहेर काढा."

"मरतंय कसलं, आराम करतंय," गुणवंतभाई म्हणाले. "आणि बेन, लक्ष्मीला बाहेर काढायचं म्हणजे? पाणी बघा किती येतंय. शिवाय प्यायच्या पाण्यात पाय कोण घालणार?"

शिवा दोन पावलं मागे सरला. "मैं नहीं, भाभी. पाप लगेगा."

"मी उतरते," वैजयंता म्हणाली.

"तुम्ही?" अंबिकाबाई म्हणाल्या.

एकच शब्द, तोही हळू आवाजात. अंबिकाबाईंच्या मनात काय होतं देव जाणे, कदाचित काहीच नसेल. पण वैजयंताच्या पाठीवर त्या जुन्या कासऱ्याचा वळ उठल्यासारखा झाला. ती म्हणाली, "हो. मी." पदर खोचला, चपला काढल्या, शिवाच्या पिंपातल्या पाण्याने पाय स्वच्छ धुतले आणि टाकीतल्या लोखंडी कड्यांवर पाय देत खाली उतरली.

आत अंधार होता आणि पाणी इतकं गार, की तिचा श्वास अडकला. वर चौकोनी उजेड आणि त्यात डोकी. सगळ्या घरांचं पाणी तिच्या मांड्यांना लागत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती पाण्याच्या आत उभी होती, कुणी वरून धार सोडायची वाट न बघता. तिला रडू आलं. आईची फार आठवण झाली. मग तिने हात पुढे करून डॉलरला उचललं. तो जड लागला, हातपाय गळून गेले होते. छातीशी धरून, एका हाताने कड्या पकडत ती वर आली आणि त्याला उन्हात ठेवलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग एक पाय जरासा आत गेला. तोंडातून पाण्याचा बुडबुडा आला आणि मान दोन बोटं वर उचलली गेली.

"जीव आहे," लवूकाका म्हणाले.

गुणवंतभाईंनी रुमालाने कपाळ पुसलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "चला, बरं झालं. शिवा, आज पंप लावू नको. टाकी रिकामी करून धुवून घ्यावी लागेल. पाय लागले ना पाण्याला."

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. अंबिकाबाईही म्हणाल्या, धुवायला तर हवीच.

वैजयंताच्या साडीतून पाणी गळत होतं. ती म्हणाली, "दहा दिवस आत कासव होतं, तेव्हा तुम्ही नारळ फोडलात, गुणवंतभाई. आज धुवायची ती कशासाठी?"

कुणी कळशीकडे बघत होतं, कुणी भिंतीकडे. आणि मग भलत्याच ठिकाणाहून उत्तर आलं. शिवा आपला सरळ मनाने, हिशेब जुळत नाही म्हणून विचारावं तसं म्हणाला, "सेठ, दिवाली को मैं उतरा था ना, पाइप का वॉल्व बिठाने. घंटाभर अंदर था. तब तो किसीने नहीं धोया."

लवूकाकांनी आपली बादली उचलली. "माका पानी भरूचा आसा," ते म्हणाले. "दोन दिस न्हाण नाय. पंप लाव रे शिवा."

शिवाने गुणवंतभाईंकडे बघितलं. गुणवंतभाई घड्याळाकडे बघत होते. पंप लागला. आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला तशी माणसं नेहमीसारखी गेटजवळच्या नळाकडे पळाली, कारण वेळ अर्ध्या तासाचा आणि मे महिना. त्यातल्या किती जणांनी मनापासून भरलं आणि किती जणांनी नाइलाजाने, हे वैजयंताला कधी कळणार नव्हतं. अंबिकाबाई मात्र रिकामी कळशी घेऊन जिन्याकडे निघाल्या.

"तुम्ही नाही भरणार?" वैजयंताने विचारलं.

"माझं कालचं भरलेलं आहे," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या. काल पाण्याचा दिवस नव्हता.

दिवसभर वैजयंता दारात, उन्हाच्या तुकड्यामागून टब सरकवत बसली. दुपारी डॉलर दगडावर चढला. चारच्या सुमाराला त्याने पालकाचं एक पान ओढून खाल्लं. उद्या मनोरमा आली की तिला सगळं पहिल्यापासून सांगायचं, कुडीसकट, हे तिने मनाशी पक्कं केलं. मनोरमाची भीती तिला वाटत नव्हती. भीती होती ती संध्याकाळची.

आठ वाजता कोंडिराम आला. गेटवर शिवाने त्याला सगळं सांगितलेलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्याने बूट काढले, पिशवी खुंटीला लावली, आणि टबाशेजारी जमिनीवर बसला. वैजयंता भाकरी थापायची थांबली. बोलणी खायची तिने तयारी ठेवली होती. गप ऱ्हा म्हटलं होतं ना, इथपासून ते आता पोरीला कोण खेळायला घेईल, इथपर्यंत सगळं तिने स्वतःलाच दिवसभर ऐकवून झालं होतं.

"पाणी किती होतं?" त्याने विचारलं.

"मांडीइतकं."

तो डॉलरकडे बघत राहिला. बोट बुडवून टबातलं पाणी हलवलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "गार होतं का गं?"

"लई गार," वैजयंता म्हणाली. "आत उभं राहिलं ना, की वरचं ऊन कळतसुद्धा नाही."

"हां," कोंडिराम म्हणाला. "तसंच सांगायची ती विहिरीतली पोरं."